टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर: खरेदी, जोडणी आणि नेहमी होणाऱ्या चुका

मामांनी टीव्हीसाठी कॉम्प्युटर घेतला आणि आठवड्याभरात मला फोन केला. "अरे, फोनवर काढलेला व्हिडिओ फोनवर नीट दिसतो आणि एवढ्या मोठ्या डब्यावर अडकतो. येऊन बघ जरा."

गेलो. ५५ इंची ४के टीव्ही, खाली सुताराकडून करून घेतलेलं युनिट, त्याच्या बंद कप्प्यात कॉम्प्युटर. सातव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, आणि दुकानदाराने "टीव्ही म्हटलं की कार्ड लागतंच" म्हणून टाकलेलं जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड. हे कार्ड आजच्या फोनमधला एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून छोटा करायची एक पद्धत) व्हिडिओ उलगडूच शकत नाही. प्रोसेसरमधली ग्राफिक्स तो उलगडते, पण केबल कार्डाला लावलेली. कार्ड काढलं, केबल मदरबोर्डच्या पोर्टात खोचली, व्हिडिओ सुरळीत चालला. मामा म्हणाले, "म्हणजे मी पैसे देऊन बिघाड विकत घेतला?" तसंच झालं होतं.

अशा घरांत पैसे कमी पडलेले नसतात, क्रम उलटा झालेला असतो. आधी डबा येतो, मग टीव्हीचे पोर्ट बघितले जातात, आणि काय बघायचंय हा प्रश्न सगळ्यात शेवटी. खालचा क्रम त्याच्या बरोबर उलट आहे. टप्पे गाळू नका, विशेषतः पहिले दोन. त्यांना एक पैसाही लागत नाही.

## टप्पा १: काय बघणार ते कागदावर लिहा

खरंच कागद घ्या. घरातला प्रत्येक माणूस टीव्हीवर काय बघतो ते लिहा आणि प्रत्येकापुढे ते कुठून येतं ते लिहा: ओटीटी, यूट्यूब, स्वतःची हार्ड डिस्क, फोन, जुन्या सीडी-डीव्हीडी, गेम.

यादीत फक्त ओटीटी आणि यूट्यूब असेल, तर हा लेख इथेच सोडा आणि टीव्हीला लावायची स्टिक किंवा बॉक्स घ्या. ओटीटीवाले चोरीच्या भीतीने कॉम्प्युटरला हात आखडून चित्र देतात. नेटफ्लिक्सचं ४के विंडोजवर एज ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या ॲपमध्येच मिळतं. तेही प्रीमियम प्लॅन, एचईव्हीसीची सोय आणि एचडीसीपी २.२ (चोरी रोखणारं कुलूप) चालणारा टीव्ही हे तिन्ही जुळलं तर. क्रोममध्ये १०८०पी च्या वर जात नाही. लिनक्सवर ४के विसरा. जे चित्र छोटीशी स्टिक विनातक्रार देते, त्यासाठी कॉम्प्युटरशी झगडण्यात अर्थ नाही.

कॉम्प्युटर शोभतो तो दुसऱ्या यादीला. पाच फोनमधले व्हिडिओ, लग्नाच्या डीव्हीडी, बाबांनी जमवलेल्या नाटकांच्या व्हीसीडी, विकत घेतलेल्या डिस्क, मुलांचे गेम, मोठ्या पडद्यावर उघडायची एखादी वेबसाइट किंवा व्हिडिओ कॉल. हे सगळं एका जागी, एका रिमोटवर आणायचं असेल तर पुढे वाचा. आणि स्टिक काढून टाकू नका. स्टिक ओटीटीला, कॉम्प्युटर बाकी सगळ्याला, ही जोडगोळी सगळ्यात कमी कटकटीची. मीही तसंच ठेवलंय.

## टप्पा २: टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे जा

फोनने मागच्या सगळ्या पोर्टांचे फोटो काढा. टीव्हीचा मॉडेल नंबरही घ्या, म्हणजे कंपनीच्या साइटवरचं मॅन्युअल उघडता येईल. मग चार गोष्टी टिपून ठेवा.

एक, एचडीएमआय कोणत्या आवृत्तीचं आहे. १.४ असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, म्हणजे ३० हर्ट्झ. २.० ला ६०, २.१ ला १२० पर्यंत. हे टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे बघायचं, कारण जोडणी चालते ती कमी आवृत्तीच्या हिशोबाने.

मामांकडे व्हिडिओ सुरळीत झाला तरी माउसचा बाण झटके खात होता. कारण हेच: मदरबोर्डवरचं एचडीएमआय १.४, म्हणून पडदा ३० हर्ट्झला. त्याच बोर्डावर डिस्प्लेपोर्टही होता. त्याला डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय २.० चा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लावला आणि ६० हर्ट्झ मिळाले. साधा, स्वस्तातला पॅसिव्ह कन्व्हर्टर इथे चालत नाही, तो पुन्हा ३० वरच अडवतो.

दोन, कोणत्या पोर्टावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय. तो पोर्ट साऊंडबारचा. कॉम्प्युटर तिथे लावू नका.

तीन, पोर्टाचा पूर्ण वेग चालू आहे का. बऱ्याच टीव्हींत तो कारखान्यातून बंद येतो आणि सेटिंगमध्ये पोर्टागणिक चालू करावा लागतो. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं: कुठे 'डीप कलर', कुठे 'इनपुट सिग्नल प्लस', कुठे 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. हे न केल्यामुळे "टीव्ही एचडीआर (जास्त उजळ, जास्त रंगांचं चित्र) दाखवतच नाही" म्हणून केबल बदलत बसलेले लोक मी पाहिलेत.

चार, राउटरपासून अंतर. भिंतीपलीकडे राउटर असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय विटेच्या भिंतीत बरंच दमतं. फाइली दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावरून चालवायच्या असतील तर लॅनची केबल टाका. रंगकाम काढलंच असेल तर त्याच वेळी पाइपातून ओढून घ्या.

तपासा: या टप्प्याअखेर कागदावर पोर्टाची आवृत्ती, साऊंडबार कुठे लागतो आणि कॉम्प्युटर ठेवायच्या जागेची लांबी-रुंदी-उंची हे लिहिलेलं हवं. नसेल तर बाजारात जाऊ नका.

## टप्पा ३: यंत्र निवडा

व्हिडिओ फाइल घट्ट घडी घातलेली असते. ती उलगडायचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं: ग्राफिक्समधल्या खास भागात किंवा प्रोसेसरच्या डोक्यावर. पहिल्यात यंत्र थंड आणि गप्प राहतं. दुसऱ्यात पंखा ओरडतो आणि चित्र अडकतं. म्हणून 'किती कोअर, किती गिगाहर्ट्झ' यापेक्षा 'कोणत्या घड्या उलगडता येतात' हे महत्त्वाचं. नावं चारच: एच.२६४ (जुने-नवे बहुतेक व्हिडिओ), एचईव्हीसी (फोनचे आणि डिस्कचे ४के व्हिडिओ), व्हीपी९ आणि एव्ही१ (यूट्यूबचं ४के).

इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून १० बिट (रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही नीट उलगडतात. सहाव्या पिढीत ८ बिट एचईव्हीसीपर्यंतच. अकराव्या पिढीपासून एव्ही१ आलं. २०२३ पासून बाजारात असलेला छोटा एन१०० चिप हे चारही उलगडतो, तेही ६ वॉटच्या वर्गात बसून. एएमडीच्या ५६००जी मध्ये एव्ही१ नाही, ८६००जी मध्ये आहे.

आता वाटा बघू.

एन१०० किंवा तत्सम मिनी पीसी. तळहाताएवढा डबा, बहुतेकांना दोन एचडीएमआय. टीव्हीसाठी माझी पहिली पसंती हीच. ८ जीबी रॅम कोडीला (व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर, टप्पा ७ मध्ये येईल) भरपूर, ब्राउझरही वापरणार असाल तर १६ घ्या. गेमची अपेक्षा ठेवू नका.

ऑफिसातून निघालेला जुना छोटा डबा. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस इथे हे ढिगाने मिळतात. दणकट असतात. पण तीन गोष्टी बघा. यांना बऱ्याचदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतो, म्हणजे कन्व्हर्टरचा खर्च धरा. सातव्या पिढीच्या खालचं यंत्र ४के साठी घेऊ नका. आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं. दुकानदार सहाव्या पिढीवर ते "चढवून" देतात खरं, पण पुढचे अपडेट रामभरोसे. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

स्वतः जुळवलेला. गेम खेळायचे असतील किंवा दोन-तीन मोठ्या हार्ड डिस्क आत बसवायच्या असतील तरच. आयटीएक्स, म्हणजे छोट्या मापाचा, डबा घेताना कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी डब्याच्या मापाशी ताडून बघा. नाहीतर शटर लागत नाही तसं झाकण लागत नाही. प्रोसेसरमधली ग्राफिक्स वापरणार असाल तर रॅमची एक पट्टी घेऊ नका, सारख्या दोन घ्या.

रास्पबेरी पाय. ४ आणि ५ दोन्ही ४के एचईव्हीसी छान उलगडतात, व्हीपी९ आणि एव्ही१ नाही. फक्त स्वतःच्या फाइली बघणाऱ्याला उत्तम. यूट्यूबचं ४के बघणाऱ्याला नको.

सावध: नावातलं एक अक्षर घात करतं. इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल (उदाहरणार्थ १२४००एफ) तर आत ग्राफिक्सच नाही. एएमडीचा ५६०० आणि ५६००जी यांत फरक तोच. दुकानात 'एफ' थोडा स्वस्त पडतो, म्हणून तोच पुढे केला जातो. मग कार्ड लागतं, आणि कार्ड म्हणून जीटी ७१० किंवा ७३० गळ्यात पडतं. जीटी १०३० निदान एचईव्हीसी आणि व्हीपी९ उलगडतं, एव्ही१ मात्र नाही. कार्ड घ्यायचंच असेल तर इंटेलचं आर्क ए३१० बघा, त्यात चारही आहेत.

साठवणीचं थोडक्यात. विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी पुरे. व्हिडिओ वेगळ्या हार्ड डिस्कवर. फोनचं ४के रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १७० ते ४०० एमबी खातं, त्यावरून हिशोब करा आणि आलेला आकडा दुप्पट करा. हार्ड डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि कॉपी अर्ध्यात थांबल्यावर लोक डिस्कला दोष देतात.

## टप्पा ४: पैसे देण्याआधी पेन ड्राइव्ह लावा

घरून एक पेन ड्राइव्ह भरून न्या. त्यात चार गोष्टी: फोनवर ४के मध्ये काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ, तुमच्याकडची सगळ्यात जड फाइल, एखादी जुनी डीव्हीडीची फाइल, आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचा इन्स्टॉलर.

दुकानात यंत्र सुरू करून जड फाइल लावा आणि टास्क मॅनेजर उघडा. त्यात परफॉर्मन्स, मग जीपीयू. तिथे 'व्हिडिओ डिकोड' नावाचा आलेख असतो. फाइल चालू असताना तो वर गेला आणि सीपीयू खालीच राहिला, तर उलगडणी योग्य ठिकाणी होतेय. डिकोड शून्यावर आणि सीपीयू ८०-९० टक्के असेल तर यंत्र परत ठेवा. दुकानदार म्हणेल, "साहेब, ड्रायव्हर टाकला की होईल." हरकत नाही. "टाका, मी थांबतो."

जुनं यंत्र असेल तर आणखी हे बघा:

- बायोसला (विंडोजच्या आधी उघडणारी यंत्राची सेटिंग) पासवर्ड तर नाही ना. सुरू होताना त्यात शिरून बघा.
- ॲडॉप्टर मूळ आहे का, त्यावरचे व्होल्ट आणि वॉट यंत्राच्या तळावरच्या आकड्यांशी जुळतात का.
- एसएसडीची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर टक्केवारी दाखवतं.
- पंख्याचा आवाज. दुकानाच्या कल्लोळात ऐकू येत नाही, कान डब्याला लावा.

जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. विंडोजचं लायसन्स बिलात आहे की "टाकून दिलंय" हेही विचारा. चारपाचशे रुपयांत मिळणाऱ्या लायसन्स-की कधी अचानक बाद होतात.

## टप्पा ५: जागा, हवा आणि वीज

आपल्याकडे सुतार टीव्हीचं युनिट करताना मागे प्लायवूड ठोकतो आणि पुढे शटर लावतो. म्हणजे कॉम्प्युटरसाठी पेटीच. शटर लावून दोन तास व्हिडिओ चालवा आणि उघडून हात लावा, कळेल. मागच्या प्लायला वर एक आणि खाली एक, असं दोन ठिकाणी चार इंची भोक पाडून घ्या. गरम हवा वरून जाते, थंड खालून येते. एकच भोक पाडून भागत नाही. त्यावर बारीक जाळी लावा. मी एका डब्याच्या पंख्यात पाल अडकलेली काढली आहे, पुन्हा काढायची इच्छा नाही. कोकणात आणि पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. रोज थोडं चाललं तर आतली दमट हवा सुकते.

आता वीज. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असा खटका बऱ्याच मॉडेलना असतो. तो यूपीएसवर हवा. नाहीतर वीज गेल्यावर बदल व्हायला लागणाऱ्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडतो. दिवे आणि पंखे सुरूच राहिल्यामुळे दोष कॉम्प्युटरवर येतो.

सॉकेटला अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. धातूच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. त्यावर रबरी चप्पल हा उपाय नव्हे.

सावध: माझा एक एचडीएमआय पोर्ट मी स्वतः जाळला आहे. पावसाळ्याची संध्याकाळ, टीव्ही चालू, कॉम्प्युटर चालू, आणि मी मागे हात घालून चाचपडत केबल खोचली. टिक असा बारीक आवाज आला आणि तो पोर्ट कायमचा गेला. टीव्हीला गच्चीवरून आलेली डिशची वायर लावलेली होती. ती वायर आणि घरातलं अर्थिंग यांच्यात व्होल्टचा फरक असला की तो एचडीएमआयच्या पत्र्यातून वाट काढतो. तेव्हापासून नियम असा: एचडीएमआय लावताना किंवा काढताना दोन्ही उपकरणांची स्विचं भिंतीपाशी बंद, आणि डिश किंवा केबलची वायर आधी सोडवलेली. विजा कडाडत असतील तेव्हाही ती वायर आधी काढायची.

ॲडॉप्टरबद्दल एक. राउटर, सेट टॉप बॉक्स आणि मिनी पीसी यांच्या पिना एकसारख्या दिसतात, पण एक १२ व्होल्टचा, दुसरा १९ चा. तिघांना वेगवेगळ्या रंगाच्या टेप लावा, पिनेलाही आणि उपकरणालाही. युनिटच्या अंधारात रंग दिसतो, बारीक अक्षरं दिसत नाहीत.

## टप्पा ६: पहिली जोडणी आणि चित्र

क्रम पाळा. उड्या मारल्या तर दोष नेमका कुठे आहे ते सापडत नाही.

1. एचडीएमआय केबल ३ मीटरच्या आतली, 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली घ्या. सोन्याच्या मुलाम्याला पैसे देऊ नका. कार्ड असेल तर केबल कार्डाला, नसेल तर मदरबोर्डला.
2. टीव्हीत त्या पोर्टाचं नाव 'पीसी' असं बदला. बऱ्याच टीव्हींत एवढ्यानेच अक्षरांच्या कडा स्वच्छ होतात.
3. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धा दिसत असेल, तर टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१' निवडा. कॉम्प्युटरच्या बाजूने चित्र आक्रसवू नका, त्याने सगळं धूसर होतं.
4. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ३८४०×२१६०, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत ६० हर्ट्झ. यादीत ६० दिसतच नसेल तर टप्पा २ कडे परत जा.
5. स्केल ३०० टक्के. आधी सोफ्यावर बसा आणि मग ठरवा, टीव्हीपुढे उभं राहून नाही.
6. काळा रंग तपासा. अंधाराच्या दृश्यात काळं राखाडी दिसत असेल किंवा केसांतले सगळे बारकावे गिळले जात असतील, तर एक बाजू फुल रेंजवर आणि दुसरी लिमिटेडवर आहे. टीव्हीची ब्लॅक लेव्हल आणि ग्राफिक्स ड्रायव्हरची रेंज सारखी करा.

एचडीआर नेहमीसाठी चालू ठेवू नका, साधा डेस्कटॉप फिकट दिसतो. व्हिडिओपुरतं लावा. एचडीएमआय २.० वर ४के, ६० हर्ट्झ, १० बिट आणि पूर्ण रंग हे चारही एकत्र मावत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हरने रंगात थोडी काटछाट केली तर घाबरू नका. सिनेमा २४ हर्ट्झला चालतो, तिथे सगळं मावतं.

## टप्पा ७: सॉफ्टवेअर

ओटीटी किंवा ब्राउझर लागणार नसेल तर लिब्रइलेक टाका. ते म्हणजे कोडी आणि कोडी चालवायला लागेल तेवढंच लिनक्स. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं. आवडलं तरच आत टाका. ब्राउझर आणि गेम हवे असतील तर विंडोज आणि त्यावर कोडी.

कोडी उघडल्यावर पहिलं काम: सेटिंगमध्ये डावीकडे खाली दातेरी चाकाचं चिन्ह आहे, ते दाबत राहा आणि पातळी 'एक्स्पर्ट' करा. हे न केल्याने निम्मी सेटिंग दिसत नाहीत आणि लोक "माझ्या कोडीत हे नाहीच" म्हणतात.

मग प्लेअर, व्हिडिओज, आणि 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी २५ च्या, फोनचं रेकॉर्डिंग ३० किंवा ६० चं. पडदा ६० वर अडकवून ठेवला तर २४ चा हिशोब जमत नाही. एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दाखवलं जातं आणि कॅमेरा आडवा फिरताना दृश्य कचकचतं. हे सेटिंग लावल्यावर फाइल सुरू होताना पडदा दोन सेकंद काळा होतो. तो बिघाड नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

विंडोजवर शिवाय: आपोआप लॉगिन, नोटिफिकेशन बंद, अपडेटची वेळ दुपारची.

## टप्पा ८: आवाज

सगळ्यात जास्त तक्रार कोणती? "संगीत दणकून येतं आणि संवाद ऐकू येत नाहीत."

कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. ५.१ (सहा स्पीकरच्या) आवाजात संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमध्ये असतात. टीव्हीला स्पीकर दोन, पण कॉम्प्युटरला सांगितलंय सहा. मग मधला वाटा कुठेच पोचत नाही. विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये आणि कोडीच्या ऑडिओत, दोन्हीकडे चॅनल २.० करा. एवढं केल्यावर कोडी स्वतः मधला आवाज दोन्हीकडे वाटून देतो. त्याने एकूण आवाज बारीक झाला तर तिथलंच 'मेन्टेन ओरिजिनल व्हॉल्यूम ऑन डाउनमिक्स' चालू करा.

साऊंडबार किंवा रिसीव्हर खरोखर डॉल्बी, डीटीएस हे सिनेमाच्या आवाजाचे प्रकार उलगडणारा असेल तरच 'पासथ्रू' (आवाज न उलगडता पुढे पाठवणं) चालू करा, आणि जे त्याला येतं तेवढ्यावरच खूण करा. बरेच टीव्ही डीटीएस पुढे सोडत नाहीत, तेव्हा चित्र चालू आणि आवाज गायब असा प्रकार होतो. तसं झालं तर डीटीएसची खूण काढा. साध्या एआरसीतून डॉल्बी डिजिटल जातं. डिस्कवरचा पूर्ण, न दाबलेला आवाज न्यायला ईएआरसी लागतं, किंवा कॉम्प्युटर थेट रिसीव्हरला लावावा लागतो.

तपासा: कोणताही संवादप्रधान प्रसंग लावा, आवाज नेहमीपेक्षा दोन घर खाली घ्या, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. तुमचे कान इथे कामाचे नाहीत.

## टप्पा ९: जुन्या सीडी आणि फाइलींची नावं

बऱ्याच घरांत खरा खजिना इथे असतो आणि सगळ्यात घाईही इथेच होते.

यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. व्हीसीडी उघडली की आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसेल, त्यात .डॅट फाइल. ती हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि शेपटी बदलून .एमपीजी करा. बहुतेक वेळा एवढ्यावर चालते. चित्र ३५२×२८८ चं असतं, त्यामुळे ५५ इंचांवर ते ढगाळच दिसणार. "४के करून देणारं" सॉफ्टवेअर लावून मूळ फाइल टाकून देऊ नका. त्या सॉफ्टवेअरने नटांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे केलेले मी पाहिलेत. डीव्हीडीचं पूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर जसंच्या तसं ठेवा, कोडी ते चालवतो. हलत्या हाताभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर चालत्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेस चालू करा.

डिस्क पुसायची ती मऊ सुती फडक्याने, मधून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसलं तर ओरखडा रेघेच्या दिशेनेच पडतो आणि वाचणं अवघड होतं. वरचा चंदेरी थर सुटत असेल तर ती डिस्क सगळ्यात आधी कॉपी करा, बाकीच्या थांबतील.

हार्ड डिस्कवर फोल्डर वेगळे करा: सिनेमे, नाटकं, घरचं. सिनेमाचं नाव रोमन अक्षरांत आणि पुढे कंसात वर्ष, म्हणजे कोडीला पोस्टर आणि माहिती सापडते. नाटकं आणि घरचं या फोल्डरांना मात्र 'धिस डिरेक्टरी कंटेन्स' मध्ये 'नन' निवडा. आमच्या मावसबहिणीच्या साखरपुड्याला कोडीने कुठल्याशा परदेशी थरारपटाचं पोस्टर लावलं होतं. तिला ते आवडलं, ही गोष्ट वेगळी. घरच्या व्हिडिओंची नावं वर्ष-महिना-दिवस अशी सुरू करा, मग ती आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोनी डबे दिसत असतील तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट टाकून सबटायटलसाठी निवडा. डब्यांऐवजी अगम्य चिन्हं दिसत असतील तर फाइलच वेगळ्या एन्कोडिंगमध्ये आहे. नोटपॅडमध्ये ती वाचता येत असेल तर 'सेव्ह ॲज' करताना यूटीएफ-८ निवडा. नोटपॅडमध्येही अगम्य असेल तर ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल.

## टप्पा १०: रिमोट

टीव्हीच्या रिमोटने कॉम्प्युटर चालेल या आशेवर राहू नका. ती सोय, सीईसी, रास्पबेरी पायला आहे, बहुतेक कॉम्प्युटरच्या एचडीएमआयला नाही. बाण, ओके आणि बॅक एवढी बटणं असलेला यूएसबी रिसीव्हरचा रिमोट घ्या. कोपऱ्यात टचपॅड असलेला छोटा कीबोर्ड तुमच्यासाठी, रिमोट बाकीच्यांसाठी.

रिमोट अडखळत असेल तर बॅटरी बदलण्याआधी रिसीव्हर कुठे खोचलाय ते बघा. निळ्या यूएसबी ३ पोर्टाचा रेडिओ गोंगाट रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो, शेजारी हार्ड डिस्क लावलेली असेल तर जास्तच. यूएसबीची फूटभर एक्स्टेंशन घेऊन रिसीव्हर युनिटच्या पुढच्या कडेला आणा. मी सोडवलेल्या 'रिमोट खराब' तक्रारींपैकी बऱ्याच या एका केबलने मिटल्या.

रिमोटने यंत्र झोपेतून जागं व्हावं म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या रिसीव्हरला जागं करण्याची परवानगी द्या. पूर्ण बंद यंत्र सुरू व्हायला हवं असेल तर बायोसमध्ये 'ईआरपी' (बंद यंत्राची वीज वाचवणारं सेटिंग) बंद हवं. सगळ्याच बोर्डांना ते जमत नाही. तिथेच 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' नावाचं सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑफ' ठेवा. नाहीतर रात्री तीनला वीज आली की कॉम्प्युटर उठून बसतो.

## टप्पा ११: दुसरी प्रत

कोडीत सगळं मनासारखं झालं की त्याचं बॅकअप ॲड-ऑन टाका आणि सेटिंगची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. व्हिडिओंची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क त्याच युनिटच्या खणात ठेवू नका. व्हीसीडी कॉपी झाल्या म्हणून फेकू नका.

मग एक कोरा कागद घ्या. चार ओळी, मोठ्या अक्षरांत: टीव्हीचं कोणतं इनपुट, रिमोटचं कोणतं बटण, आवाज आला नाही तर काय बघायचं, बंद कसं करायचं. शटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. मामांकडचा कागद मामींनी दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा लिहिला, कारण माझ्या कागदात 'इनपुट' होतं आणि त्यांच्या टीव्हीवर 'सोर्स' लिहिलंय.